सोलापूरचं लायसन परदेशात चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी उन्हाळा सरला की कुणी ना कुणी येतंच. कुणाच्या मुलाला श्टुटगार्टला नोकरी लागलेली असते, कुणाची मुलगी लेस्टरला एमएससीला निघालेली, कुणाचा जावई टोरांटोत. व्हिसा, बॅगेचं वजन, शेंगा चटणी किती न्यावी हे सगळं विचारून होतं. मग निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, खरा प्रश्न येतो: "आणि लायसनचं काय? तिकडं बदलून देतात ना?"

मी जर्मनीत सहा वर्षं राहिलो. तिथं एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला लायसन काढलं, एवढीच माझी पात्रता. बाकीच्या देशांचं भाचे, शेजारी आणि मित्रांमुळं वाचावं लागलं. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

भारतीय लायसन दिलं की तिकडचं लायसन हातात मिळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. लोक 'एक्स्चेंज' हा शब्द ऐकतात आणि बँकेत जुनी नोट देऊन नवी घ्यावी तसं काहीतरी डोळ्यांपुढं आणतात. परीक्षेविना अशी अदलाबदल ठरावीक देशांच्या लायसनांपुरतीच असते. प्रत्येक देशाची तशी यादी असते. जर्मनीच्या यादीत भारत नाही, ब्रिटनच्याही नाही. तुम्ही पंचवीस वर्षं सात रस्त्यावरून गाडी काढलेली असली तरी तो हिशेब तिथं कुणी विचारत नाही.

मग इथलं लायसन नेऊन उपयोग काय?

उपयोग आहे, आणि चांगला आहे. एक तर सुरुवातीचे काही महिने त्याच्यावर गाडी चालवता येते. दुसरं, नवशिक्याला ज्या सक्तीच्या तासिका घ्याव्या लागतात त्या काही देशांत माफ होतात, म्हणजे परीक्षा द्यायची पण शिकवणी सक्तीची नाही. तिसरं म्हणजे अनुभवाचा पुरावा. कॅनडात तर यावरच वर्षभराची वाट पाहणं वाचतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. तिकडं गेल्यावर काय करायचं याची काळजी नंतर करा, आधी विजापूर रोडवरच्या आरटीओतून काय काय कागद घेऊन निघायचं ते बघा. इथं असताना जे काम रिक्षाच्या भाड्यात होतं, ते तिकडून करायला फोन, कुरिअर आणि धाकट्या भावाची मिनतवारी लागते.

किती दिवस आपल्या लायसनवर चालवता येतं?

देशागणिक वेगळं, आणि अमेरिका-कॅनडात राज्यागणिक वेगळं.

जर्मनीत तिथं घर करून राहायला लागल्यापासून सहा महिने. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिने. नेदरलँड्समध्ये १८५ दिवस. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ६० दिवस. अमेरिकेत टेक्सासमध्ये ९० दिवस, न्यूयॉर्कमध्ये रहिवासी झाल्यापासून ३० दिवसांत तिथलं काढायचं, आणि कॅलिफोर्नियात तर रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत अर्ज करायचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही जुलै २०२३ पासून सहा महिन्यांची मर्यादा लागू आहे.

यात एक गोम आहे. मुदत मोजायला लागतात ती 'राहायला आल्यापासून'. पर्यटक म्हणून गेलेल्या आई-वडिलांचा नियम वेगळा आणि नोकरी घेऊन गेलेल्या मुलाचा वेगळा. माझ्या ओळखीतला एक जण ब्रिटनमधून गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आला आणि परत जाताना म्हणाला, आता माझे बारा महिने नव्यानं सुरू. तसं नसतं. मध्येच सुट्टीवर येऊन गेलं म्हणून रहिवास तुटत नाही आणि दिवसही पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत.

आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) म्हणजेच आंतरराष्ट्रीय लायसन ना? ते काढलं की काम झालं?

नाही. आयडीपी हे लायसन नव्हे. तुमच्या मूळ लायसनवर काय लिहिलंय ते वेगवेगळ्या भाषांत सांगणारी ती एक पुस्तिका आहे, आणि मूळ लायसन सोबत नसेल तर तिला किंमत नाही. १९४९च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात भारत सामील आहे, त्यावरून ही पुस्तिका निघते. मुदत एक वर्ष. मूळ लायसनची मुदत आधी संपत असेल तर तिथपर्यंतच.

भाड्याची गाडी घ्यायची असेल, एखाद्या ठिकाणी पोलिसांनी थांबवलं, तर ती उपयोगी पडते. जपानमध्ये १९४९च्या नमुन्याचीच पुस्तिका चालते, म्हणजे आपली चालते. जर्मनीला जाणाऱ्यांनी मात्र आयडीपीच्या भरवशावर न राहता लायसनचं जर्मन भाषांतर करून घ्यावं, तिथली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना ते करून देते. पुढं अर्जालाही तेच लागतं.

पण आयडीपीमुळं वरचे सहा महिने बारा होत नाहीत. हे मी किती जणांना सांगितलं असेल, मोजलेलं नाही.

सोलापुरात आयडीपी कसा काढायचा?

सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर आपला लायसन नंबर टाकून अर्ज भरायचा, फी १००० रुपये, आणि पासपोर्ट, लायसन, फोटो घेऊन आरटीओत जायचं. अर्जासोबत वैद्यकीय दाखला आणि व्हिसा दाखवण्याची अट जानेवारी २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनं काढून टाकली. तरी व्हिसाची आणि तिकिटाची झेरॉक्स पिशवीत ठेवायला काही बिघडत नाही. ऑगस्ट २०२२ पासून देशभर आयडीपीचा नमुना एकच केलाय, त्यावर क्यूआर कोड असतो.

एजंट लागतो का, हा उपप्रश्न ठरलेला. लागत नाही. सकाळी लवकर जा, फाटकाबाहेरच झेरॉक्स आणि चहा दोन्ही मिळतं.

आयडीपी तिकडं असतानाच संपला तर?

त्याच २०२१च्या अधिसूचनेत सोय आहे. तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायचा, तो इथल्या आरटीओकडं येतो आणि नवी पुस्तिका परदेशातल्या पत्त्यावर कुरिअरनं जाते. पण वर्ष उलटेपर्यंत तुम्ही तिथले रहिवासी झालेले असता, आणि रहिवाशाला आयडीपीचा उपयोग उरलेला नसतो. त्या वेळात तिथल्या परीक्षेचा अभ्यास करा.

जाण्याआधी आरटीओत नेमकं काय काय उरकून घ्यावं?

हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही. मी विचारायला लावतो.

पहिली गोष्ट, तुमचं लायसन सारथीवर दिसतं का ते बघा. ज्यांनी पुस्तकाच्या किंवा जुन्या कार्डाच्या काळात लायसन काढलं, त्यांच्यातल्या काहींची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. त्याला 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात आणि ती मूळ आरटीओतच होते. आता नंबर पंधरा अक्षरांचा असतो: एमएच, मग १३, मग वर्षाचे चार आकडे, मग सात आकडे. जुन्या कार्डावर मधे तिरप्या रेषा असलेला आखूड नंबर असेल तर सारथीवरचा पूर्ण नंबर एका कागदावर उतरवून ठेवा. परदेशातला कारकून कार्डावरचा आणि दाखल्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघतो.

दुसरं, मुदत. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. तेव्हा पुढच्या वर्षी संपणार असेल तर आताच करून जा. संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत चाचणीविना होतं, त्यापुढं मात्र पुन्हा परीक्षा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म १ए भरून घ्यावा लागतो, आणि तो डॉक्टर तुम्हाला तपासणार म्हणजे तुम्ही इथं असायला हवं.

तिसरं, डीएल एक्स्ट्रॅक्ट. पोर्टलवर याच नावानं आहे. लायसन पहिल्यांदा कधी मिळालं, कोणत्या वर्गाच्या गाड्या चालवता येतात, मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यावर येतं. नूतनीकरण झालेल्या कार्डावर अलीकडची तारीख बघून समोरच्याचा समज होतो की हा माणूस परवाच शिकलाय. एक्स्ट्रॅक्टनं तो गैरसमज मिटतो. कॅनडाला जाणाऱ्यांनी तर आरटीओच्या शिक्क्याचं, लेटरहेडवरचं पत्रही मागून घ्यावं.

चौथं, डिजिलॉकरमध्ये लायसन आणून ठेवा. का, ते शेवटच्या प्रश्नात येईल.

लायसनवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. चालेल?

नाही चालणार, म्हणजे चालेल पण रडकुंडीला आणेल. आपल्याकडं नाव लिहायच्या तऱ्हा तीन: आडनाव आधी, नाव आधी, आणि मधे वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं एक अक्षर. लग्नानंतर बदललेलं आडनाव हा चौथा घोळ. माझ्या लायसनवर आडनाव पहिलं होतं आणि वडिलांच्या नावात एक 'एच' कमी. वीस वर्षं कुणाचं बिघडलं नाही. जर्मनीत मात्र काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट आणि लायसन शेजारी शेजारी ठेवलं, पेन्सिलीच्या टोकानं त्या एका अक्षरावर टिचकी मारली आणि अत्यंत नम्रपणे फाइल परत दिली. चूक माझीच. अर्ज भरताना मीच तसं लिहिलं होतं.

निघायच्या दोन महिने आधी दुरुस्तीला टाका. लग्न झालेल्या मुलींनी पासपोर्टवर जे नाव ठेवायचं तेच आधी पक्कं करावं आणि लायसन त्याप्रमाणं करून घ्यावं, उलटं नको.

मुलाकडं लायसनच नाही. जायला तीन महिने आहेत. आता काढावं का?

काढा. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, मग पक्क्याची चाचणी. वेळ पुरतो. पण चाचणीपुरता आठ काढून आणू नका, त्याला खरंच गाडी शिकवा. होटगी रोडला पहाटे शिकला तरी चालेल, पण शिकू द्या. हातात लायसन आणि पायाला क्लचची ओळख नाही, असा मुलगा तिकडं पहिल्याच आठवड्यात भाड्याची गाडी घेऊन महामार्गावर चढतो, तेव्हा ते लायसन त्याच्या फायद्याचं राहत नाही.

जपानला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं: लायसन मिळाल्यानंतर त्या देशात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा तिथं मागतात. विमानाच्या आदल्या आठवड्यात काढलेलं तिथं बदलीला चालत नाही.

पुढच्या दिवाळीत सुट्टीवर येऊन काढलं तर?

जर्मनीपुरतं उत्तर स्पष्ट आहे: फुकट जाईल. तिथले रहिवासी असताना दुसऱ्या देशात काढलेलं लायसन तिथं धरत नाहीत. लायसनवरची तारीख आणि तुमच्या घरनोंदणीची, म्हणजे तिथल्या पत्त्याच्या सरकारी नोंदीची तारीख, दोन्ही त्यांच्या समोर असतात.

जर्मनीत लायसन कसं मिळतं, सविस्तर सांगा.

२०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हा प्रश्न नर्सिंगच्या मुलीही विचारतात आणि आयटीआयची मुलंही. म्हणून जरा सावकाश सांगतो.

लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र तुमच्याकडं आधीचं लायसन असल्यामुळं सक्तीच्या तासिका नाहीत. हा फरक पैशात मोठा आहे, कारण नव्यानं शिकणाऱ्या जर्मन मुलाला सगळं मिळून अडीच ते साडेतीन हजार युरो सहज लागतात. तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावंच लागतं. परीक्षा त्यांच्याच गाडीत होते, दोन्हीकडं पॅडल असलेल्या.

अर्ज तुमच्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या लायसन कार्यालयात. पासपोर्ट, घरनोंदणीचा दाखला, फोटो, मूळ लायसन, त्याचं भाषांतर, डोळ्यांच्या तपासणीचा कागद आणि प्रथमोपचार शिबिराचा दाखला. हे शिबिर ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचं, एका दिवसात होतं. मला ते आधी उगाच वाटलं होतं. पण रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देता देता घाम फुटला तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं गाडी चालवली आणि समोर माणूस पडला तर काय करायचं याची आपल्याला काडीची माहिती नव्हती. तिथं अपघात बघून मदत न करता निघून जाणं हा गुन्हा आहे.

लेखी परीक्षा संगणकावर, ३० प्रश्न. चुकीला गुण कापण्याऐवजी दंडगुण चढतात आणि दहाच्या वर गेलं की नापास. इंग्रजीत देता येते. हिंदी-मराठीत नाही. प्रश्न सोपे समजू नका. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर किती, ट्रेलर जोडल्यावर वेग किती, असं सगळं विचारतात. ॲपवर रोज अर्धा तास, दीड महिना, एवढं केलंत तर होतं.

सहा महिन्यांत हे सगळं जमलं नाही तर? गाडी चालवणं थांबवा, अर्ज पुढं चालू ठेवा. सहा महिन्यांची मर्यादा चालवण्याला आहे. पण कागदपत्रं आणि तारखा मिळायलाच दोन-तीन महिने जातात, म्हणून घरनोंदणी झाली की त्याच महिन्यात अर्ज टाका.

तुम्ही नापास कसे झालात?

हा प्रश्न भाच्यांचा लाडका.

मला वाटायचं, गाडी तर मला येते. शिकवणाऱ्याकडं चारच तास घेतले. परीक्षेच्या दिवशी शिकवणारा शेजारी, परीक्षक मागच्या सीटवर वही घेऊन. आता प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची असते. माझी त्याच्या पाव वेळात आटोपली. उजवीकडं वळायचं होतं. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, वळलो. खांद्यावरून मान वळवून मागं बघितलं नाही. सायकलच्या पट्ट्यातून एक आजीबाई येत होत्या. मला त्या दिसल्या नाहीत, शिकवणाऱ्याला दिसल्या आणि त्यानं त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर गेला की परीक्षा तिथंच संपते. आजीबाई हात हलवून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी सोलापूरला फोन केला तर मित्र म्हणाला, "काय करुलालास बे तिकडं? सायकलीला वाट देत बसलास?" मी म्हटलं, वाट दिली नाही म्हणूनच तर नापास झालो. दोन आठवडे थांबावं लागलं, मग दुसऱ्यांदा सुटलो.

आपल्या माणसांना नडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. खांद्यावरून बघणं ही पहिली, आणि परीक्षकाला ते दिसलं पाहिजे, नुसते डोळे फिरवून भागत नाही. दुसरी म्हणजे 'उजवीकडचा आधी'. वस्तीतल्या ज्या चौकात कुठलीच पाटी नाही, तिथं तुमच्या उजव्या हाताच्या गल्लीतून येणारा आधी जातो, मग तो सायकलवर असो की मर्सिडीजमध्ये. आपल्याकडं ज्याचा हॉर्न आधी तो आधी जातो. तिकडं हॉर्न वाजवला तर लोक तुम्हाला काही झालं का म्हणून वळून बघतात. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करून उजवीकडं बघायची सवय लागायला मला महिना लागला.

तिसरी गंमत इंडिकेटरची. आपल्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिकडच्या गाड्यांत डाव्या. पहिले पंधरा दिवस मी वळण आलं की कोरड्या काचेवर वायपर फिरवत होतो. रस्त्याची बाजू बदलते ते डोक्याला लगेच कळतं, हाताला कळायला वेळ लागतो.

ब्रिटनमध्ये कसं?

रस्त्याची बाजू आपलीच, डावी, एवढा दिलासा. बारा महिने आपल्या लायसनवर चालवा आणि त्या काळातच प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन काढून परीक्षा उरका. ऑनलाइन प्रोव्हिजनल ३४ पौंड, थिअरी २३, प्रत्यक्ष चाचणी कामाच्या दिवशी ६२. थिअरीत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात, आणि दुसऱ्या भागात व्हिडिओ बघून धोका दिसताक्षणी क्लिक करायचं असतं. यात ७५ पैकी ४४ गुण लागतात. सोलापुरात दुचाकी चालवलेला माणूस यात हुशार असतो, कारण कुठून कोण आडवं येईल याचा अंदाज आपल्या अंगात भिनलेला असतो. पण घाईनं सारखं क्लिक केलं तर ती क्लिप शून्यात जाते.

खरी अडचण प्रत्यक्ष चाचणीच्या तारखेची. कित्येक केंद्रांवर महिनोन् महिने तारीख मिळत नाही. नवव्या महिन्यात जाग आलेला माणूस बाराव्या महिन्यात बसनं फिरतो. बारा महिने उलटले की तुम्ही शिकाऊ: 'एल' पाट्या, आणि शेजारी २१ वर्षांवरचा, तीन वर्षं जुन्या लायसनचा माणूस.

ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली तर पुढं ऑटोमॅटिकच चालवता येते. आणि भारतीय लायसन तिथं जमा करावं लागत नाही.

कॅनडात जावई म्हणतो दोन वर्षं थांबावं लागतं. खरं का?

नवशिक्याला थांबावं लागतं, तुमच्या जावयाला बहुधा नाही. ऑन्टारिओत जी१, जी२, जी अशा पायऱ्या आहेत. लेखी आणि डोळ्यांची परीक्षा सगळ्यांनाच. पण दोन वर्षांहून अधिक अनुभव असेल आणि तो लायसन देणाऱ्या कार्यालयाच्या पत्रानं सिद्ध झाला, तर थेट जीची रस्त्यावरची चाचणी देता येते. पत्र नसेल तर बारा महिन्यांपुरताच अनुभव धरतात आणि जी२ची चाचणी द्यावी लागते. वर ज्या पत्राचं आणि एक्स्ट्रॅक्टचं सांगितलं ते इथं कामाला येतं. पत्र नेलं नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत विचारा. बर्फातलं ड्रायव्हिंग हा वेगळाच विषय आहे, त्याची परीक्षा कुणी घेत नाही, हिवाळा घेतो.

आणि अमेरिका?

लायसन राज्य देतं, केंद्र नाही. बहुतेक ठिकाणी लेखी आणि रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. तिथं लायसन हेच रोजचं ओळखपत्र असल्यामुळं गाडी घेणार नसलात तरी लोक काढतात.

दुबई?

व्हिजिट व्हिसावर असाल तर आयडीपीवर भागतं. रहिवासी व्हिसा लागला की तिथलंच लायसन हवं, आणि थेट बदलून मिळणाऱ्या देशांत भारत नाही. दुबईत २०२३ पासून 'गोल्डन चान्स' म्हणून एक सोय आहे: आधीचं लायसन असलेल्याला तासिका न घेता एकदा थेट चाचणी देता येते. नापास झालात की रीतसर स्कूलमध्ये. एकच संधी आहे, म्हणून आधी दोन-तीन तास उजव्या बाजूनं चालवून हात बसवून घ्या.

कुठंच थेट बदलून मिळत नाही का?

मिळतं, नेदरलँड्समध्ये, पण अट आहे. तिथं परदेशातून बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्यांना करात '३० टक्के' सवलत मिळते. ती ज्याला मिळाली, त्याला आणि त्याच्या कुटुंबाला कोणत्याही देशाचं लायसन परीक्षेविना बदलून मिळतं. आइंडहोवनला नोकरी लागलेल्या मुलांनी ऑफर लेटर आल्यावर कंपनीला हे आधी विचारावं. त्या सवलतीशिवाय गेलेल्या शेजाऱ्याला मात्र पूर्ण परीक्षा.

जपानमध्ये बदलीची पद्धत आहे पण नावापुरती सोपी. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी तपासणीचे प्रश्न १० वरून ५० केले आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. प्रत्यक्ष चाचणी वेगळी.

अक्कलकोट रोडला पंधरा वर्षं ट्रक चालवलाय. जर्मनीत ड्रायव्हर लागतात म्हणे?

लागतात. पण जड वाहनाच्या सी आणि सीई वर्गाच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्याआधी वैद्यकीय तपासणी, आणि त्यावर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता, जिचा '९५' हा आकडा लायसनवर छापतात. त्याशिवाय पगारी ट्रक चालवता येत नाही. भाषा लागतेच. "लायसन आम्ही बघून घेऊ, तुम्ही आधी दोन लाख भरा" असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका, लेखी करार मागा आणि त्यात '९५'चा खर्च कुणाचा ते बघा.

व्हॉट्सॲपवर 'परीक्षेविना युरोपचं ओरिजिनल लायसन' अशी जाहिरात आलीय.

डिलीट करा. '१० वर्षं मुदतीचं इंटरनॅशनल लायसन' विकणारेही त्यातलेच. भारतातून निघालेल्या आयडीपीवर एक वर्षाच्या पुढची तारीख असूच शकत नाही.

मुदत संपल्यावर थोडं चालवलं तर कोण बघतंय?

पोलीस बघतील न बघतील. विमा कंपनी नक्की बघते. जर्मनीत ग्राह्य लायसनविना गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. साधी गाडीला गाडी घासली तरी विमा कंपनी पहिला कागद लायसनचा मागते आणि तारखा मोजते. ज्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून आहे त्यानं दूध आणायलासुद्धा हा धोका घेऊ नये. ट्राम असते.

मूळ लायसन तिकडं ठेवून घेतात का? मग सोलापुरात आल्यावर चालवायचं कसं?

जर्मनीत नवं लायसन हातात देताना जुनं ठेवून घेतात. कायमचे परत निघालात तर जर्मन लायसन देऊन आपलं परत मागता येतं. हातातलं कार्ड गेलं तरी सारथीवरची नोंद जागेवर असते, आणि डिजिलॉकरमधलं लायसन आपल्याकडं ग्राह्य आहे. सुट्टीत आल्यावर पार्क चौकात कुणी थांबवलं तर फोन काढून दाखवा. त्यासाठीच ते आधी आणून ठेवायला सांगितलं.

तिकडंच वाढलेल्या, भारतीय लायसन कधीच नसलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या नवव्या कलमात परदेशी लायसन असणाऱ्याला चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे, वैद्यकीय अट पाळून. म्हणजे गंमत बघा, त्यांचं लायसन आपण चाचणीविना घेतो, आपलं ते घेत नाहीत. सूट मिळाली तरी अशा मुलाला लगेच गाडीची किल्ली देऊ नका. माझा पुतण्या गेल्या जानेवारीत आला होता. आसरा चौकात उजवीकडून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला वाट देत तो सात मिनिटं तिथंच उभा होता, वायपर चालू ठेवून.